एका रेघेत अडीचशे कोटी वर्षे

कोयना आणि वारणा या नद्यांच्या डोंगराळ परिसरात 2017 साली एक बोअर पुरी झाली. ती पाण्यासाठी नव्हती. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपापासून इथली जमीन पुन्हा पुन्हा का हादरते, हे खोलात जाऊन पाहण्यासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने ती घेतली होती. खोली तीन किलोमीटर. पहिले 1,247 मीटर नुसता काळा कातळ लागला, सह्याद्रीत सगळीकडे दिसतो तोच. मग एकाएकी दगडाची जात बदलली. ग्रॅनाइटच्या कुळातला फिकट खडक सुरू झाला आणि थेट तळापर्यंत तोच राहिला.

वरचा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. खालचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. आणि दोहोंच्या मध्ये काहीही नाही. नदीची वाळू नाही, समुद्राचा चिखल नाही, एखाद्या जंगलाचा कोळसा झालेला थर नाही. दोन दगड एकमेकांना टेकले आहेत, आणि ज्या रेघेवर ते टेकले आहेत त्या रेघेत पृथ्वीच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग गडप झाला आहे.

पृथ्वीचे वय 454 कोटी वर्षे, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पाठ असणे वेगळे आणि कळणे वेगळे. कोटी या शब्दाची आपल्याला एवढी सवय झाली आहे (घरांच्या किमती, घोटाळे, निवडणुकीतली घबाडे) की चारशे कोटी ऐकून कुणाची भुवईही उंचावत नाही. पृथ्वीचा काळ समजून घ्यायचा तर आकडा पुन्हा पुन्हा उच्चारून उपयोग नाही. कोयनेखाली आहेत तशा रिकाम्या जागांकडे बघायला शिकावे लागते. भूशास्त्राची सुरुवातही अशाच एका रिकाम्या जागेपासून झाली.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकर पॉइंट नावाचा एक खडकाळ सुळका समुद्रात घुसला आहे. 1788 साली जेम्स हटन नावाचा शेतकरी-विद्वान आपल्या दोन मित्रांना घेऊन होडीने तिथे गेला. त्याला जे हवे होते ते कड्यावर उघडे पडले होते. खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे होते, आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलून आडवे पसरले होते. हटनने त्यातून सरळ हिशेब मांडला. करडा खडक म्हणजे कधीकाळचा समुद्रतळाचा गाळ. गाळ आडवाच साचतो, म्हणजे तो आधी आडवा साचला, दगड झाला, मग भूगर्भातल्या दाबाने घडी पडून उभा राहिला, पाण्याबाहेर आला, ऊन-पावसाने झिजून सपाट झाला. त्यानंतर त्यावर तांबडी वाळू साचली, तिचाही दगड झाला आणि तो आता पुन्हा झिजतो आहे. यातली प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसणार नाही इतक्या मंद गतीने चालते. मग या सगळ्याला वेळ किती लागला असेल?

त्या काळच्या युरोपात या प्रश्नाचे उत्तर तयार होते. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळी जुळवून जगाची उत्पत्ती इसवी सनपूर्व 4004 मध्ये झाली असे ठरवले होते, ऑक्टोबर महिन्यासह. आज त्यांची टिंगल होते, ती थोडी अन्यायाची आहे. हाताशी असलेल्या साधनांनिशी त्यांनी काटेकोर काम केले होते. साधनच चुकीचे होते, एवढेच. हटनने ग्रंथाऐवजी कडा वाचला. आकडा मात्र त्यालाही सांगता आला नाही. सिकर पॉइंटच्या त्या दोन खडकांमधले अंतर सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे आहे, हे कळायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

इथे मराठी वाचकाला कल्पाची आठवण होणे साहजिक आहे. पुराणांप्रमाणे ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा. आकडा आजच्या मोजमापाच्या इतका जवळ जातो की त्यावरून आपल्याकडे दरवर्षी कुणीतरी भाषण ठोकतोच. पण पुराणकारांनी दगड मोजला नव्हता, आणि कल्प हे पृथ्वीचे वय म्हणून सांगितलेलेही नाही, ते सृष्टीचक्राचे एक माप आहे. हा योगायोग आहे आणि योगायोग म्हणून तो छान आहे. खरे कौतुक करायचे तर ते एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करायला न बिचकणाऱ्या मनाचे करावे.

युरोपातले एकोणिसावे शतक मात्र चांगलेच बिचकत होते. डार्विनने 1859 सालच्या आपल्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकात इंग्लंडमधील वील्ड नावाची दरी झिजून तयार व्हायला सुमारे 30 कोटी वर्षे लागली असावीत असा अंदाज छापला. त्यावर इतकी टीका झाली की पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत तो वगळला. पुढे लॉर्ड केल्विन यांनी गणित मांडले. पृथ्वी तप्त गोळा म्हणून सुरू झाली आणि निवत गेली असे धरले, तर आजची भूगर्भातली उष्णता पाहता तिचे वय 2 ते 40 कोटी वर्षे असावे, असे त्यांनी 1862 मध्ये सांगितले. 1897 पर्यंत हा अंदाज त्यांनी 2 ते 4 कोटींवर आणला. केल्विन हे त्या युगातले सर्वांत मोठे भौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे भूशास्त्रज्ञ चरफडत गप्प बसले. केल्विन यांचेच जुने साहाय्यक जॉन पेरी यांनी 1895 मध्ये दाखवून दिले की पृथ्वीच्या पोटातली सामग्री हळूहळू ढवळली जात असेल तर हे सगळे गणित कोसळते. पेरींचे म्हणणे बरोबर होते, पण कुणी फारसे मनावर घेतले नाही.

कोंडी फोडली ती किरणोत्साराने. युरेनियमचे अणू आपोआप फुटत फुटत अखेर शिसे होतात, आणि त्यांचा वेग उष्णतेने, दाबाने, कशानेही बदलत नाही. नेहमीच्या युरेनियमचा निम्मा साठा संपायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात. म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळी जेवढे होते त्यातले निम्मे आजही आपल्या पायांखाली शिल्लक आहे. दगडात युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले ते मोजायचे, की दगडाचे वय निघते. 1911 साली आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने नॉर्वेतल्या एका खडकाचे वय 37 कोटी वर्षे काढले. त्याच निबंधात श्रीलंकेतल्या एका खडकाचे वय 164 कोटी वर्षे दिले होते. केल्विन जाऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती.

संपूर्ण पृथ्वीचे वय काढायला मात्र पृथ्वीवरचा दगड चालत नाही. इथला पहिला खडक केव्हाच वितळून, मुरून, नाहीसा झाला आहे. अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन यांनी म्हणून आकाशातून पडलेला दगड घेतला. ॲरिझोनातले प्रचंड विवर ज्या लोखंडी अशनीने पाडले, त्याच्या तुकड्यातले शिसे त्यांनी मोजले आणि इतर अशनींशी ताडून 1956 साली उत्तर छापले: 455 कोटी, 7 कोटी इकडेतिकडे. आज सत्तर वर्षे होत आली, हा आकडा जागचा फारसा हललेला नाही. या कामातून एक वेगळेच प्रकरण उभे राहिले. पॅटरसन यांच्या मोजमापात शिसे सारखे जास्त येई. शोध घेता घेता कळले की ते प्रयोगशाळेच्या हवेतून, धुळीतून, माणसांच्या केसांतून येत होते, आणि त्याचा मोठा भाग मोटारींच्या पेट्रोलमधला होता. पुढची कित्येक वर्षे ते तेल कंपन्यांशी भांडले. आपल्याकडे 2000 सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आपल्या फुफ्फुसांवर पृथ्वीचे वय मोजणाऱ्या माणसाचे असे उपकार आहेत.

तर 454 कोटी. हा आकडा नकाशावर पसरून पाहू. पुणे स्टेशनवरून मुंबईला निघालेली गाडी मागच्या काळात जाते आहे आणि एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष, असे धरले तर माणसाचे अख्खे आयुष्य आठ सेंटीमीटरमध्ये आटोपते. शिवराज्याभिषेक पस्तीस सेंटीमीटरवर. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांवर पहिली छिन्नी पडली ती दोन-सव्वादोन मीटरवर, म्हणजे अजून डब्याचे दार ओलांडलेले नाही. शेतीची सुरुवात अर्ध्या डब्यात. आपल्या जातीचा माणूस तीनशे मीटरवर, आणि लोणारचे विवर पडले ते पावणेसहाशे मीटरवर, गाडीने पुरते फलाटसुद्धा सोडलेले नसताना. सह्याद्रीचा लाव्हा कुठे लागेल? लोणावळा पुण्याहून 64 किलोमीटर. गाडी ते मागे टाकून खंडाळ्याकडे वळते, नेमकी घाटाच्या तोंडाशी येते, तेव्हा 66 किलोमीटर झालेले असतात. सगळा दख्खन ज्या उद्रेकांत घडला तो काळ या प्रवासात एक किलोमीटरसुद्धा भरत नाही. दादरच्या आसपास बारापासॉरससारखे अवाढव्य डायनोसॉर चरताना दिसतील. डोळ्यांना दिसतील असे प्राणी भरपूर संख्येने सुरू होतात ते 539 किलोमीटरवर, आणि त्यानंतरचे हजारो किलोमीटर खिडकीबाहेर सूक्ष्म जीवांखेरीज जवळजवळ काही नाही. पृथ्वीच्या जन्मापर्यंत जायचे तर 4,540 किलोमीटर काटावे लागतील. दिब्रुगड ते कन्याकुमारी धावणारी विवेक एक्सप्रेस, आपल्या रेल्वेची सर्वांत लांबची गाडी, तीही सुमारे 4,200 किलोमीटरवर थांबते.

म्हणजे आपण ज्याला अनादी समजतो तो सह्याद्री पृथ्वीच्या हिशेबात कालचा. तिच्या आयुष्याचा जेमतेम दीड टक्का!

तरी याच सह्याद्रीत काळ कसा वाचायचा हे सर्वांत चांगले शिकता येते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढणारा प्रवासी दरीकडे बघत असतो. त्याने एकदा दुसऱ्या बाजूला, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे बघावे. काळ्या कातळाच्या भिंतीत मध्येच विटेच्या रंगाचा एक आडवा पट्टा येतो. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाडीचा. त्याच्या खालचा दगड बहुधा सच्छिद्र असतो, भोकाभोकांत पांढरे, हिरवट खनिज भरलेले. विहिरी खणणारे याच जातीच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की खूश होतात, कारण पाणी त्यातून झिरपते. पट्ट्याच्या वर पुन्हा घट्ट, अखंड काळा पाषाण, ज्यावर पहार बोथट होते.

हा तांबडा पट्टा म्हणजे थांबलेला काळ. खालचा सच्छिद्र दगड हा एका लाव्हाचा माथा, वायूचे बुडबुडे वर येऊन तिथे अडकले. तो निवला. मग काहीच घडले नाही. पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली. मातीचा असा थर धरायला हजारो वर्षे लागू शकतात. मग पुढचा लाव्हा आला, त्याने ती माती भाजून पक्की केली आणि तिच्यावर बसला. उद्रेक म्हटले की आगीचे लोळ डोळ्यांसमोर येतात, पण दख्खनच्या जन्माचा बहुतेक काळ असा शांततेत गेला आहे. भिंतीत दगड जास्त दिसतो आणि माती थोडी, काळाचा वाटा मात्र मातीकडे जास्त आहे.

गंमत अशी की या दगडाचे वय मोजायलाही मातीच उपयोगी पडली. युरेनियम-शिशाचे घड्याळ सर्वांत अचूक चालते ते झिरकॉन नावाच्या स्फटिकात, कारण तो तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला दाराबाहेर ठेवतो. आत जे शिसे सापडेल ते नंतरचेच. पण आपल्या काळ्या कातळात झिरकॉन जवळजवळ नसतोच. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग त्या तांबड्या पट्ट्यांची माती गोळा केली. मधल्या निवांत काळात वेगळ्या प्रकारच्या ज्वालामुखींची राख वाऱ्याने येऊन त्या मातीवर पडली होती आणि तिच्यासोबत झिरकॉनचे सूक्ष्म कणही. 2015 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांत आटोपले आणि ते डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या गटाने आर्गॉन वायूच्या मोजमापाने साधारण हाच काळ काढला. डायनोसॉरांच्या अंताचे कारण मानला जाणारा अशनी मेक्सिकोत आदळण्याआधी किती लाव्हा वाहिला आणि नंतर किती, यावर मात्र दोन्ही गटांचे जमत नाही. सहा कोटी वर्षांमागच्या घटनेबद्दल हजारो वर्षांच्या फरकाने वाद घालता येतो, हीच खरे तर थक्क करणारी गोष्ट आहे.

या वादाचे शोधनिबंध मराठी माणसाने एकदा तरी चाळावेत. लाव्हाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी जागांची नावे दिली आहेत, त्यामुळे जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा ही नावे जगातल्या नामांकित विज्ञान नियतकालिकांत खालून वर या क्रमाने छापलेली दिसतात. एसटीच्या वेळापत्रकाइतकीच ओळखीची नावे, आणि ती वापरतात डायनोसॉरांच्या मृत्यूचा खटला चालवायला.

हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत इथे नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज जिथे रियुनियन बेट आहे त्या टापूत. तिथला पिटों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून धगधगतो आहे आणि पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त झोताने दख्खन घडवला, त्यावरच तो उभा आहे असे भूशास्त्रज्ञ मानतात. मुंबई ते रियुनियन सरळ अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. 6.6 कोटी वर्षांनी ढोबळ भागाकार केला तर वर्षाला सात सेंटीमीटर पडतात. काही काळ भारत याच्या दुप्पट वेगाने धावला, आशियाला धडकल्यावर मंदावला. एवढ्याशा सरकण्यातून हिमालय उभा राहिला.

झिजेचेही तसेच. सह्याद्री हा घडी पडून वर आलेला डोंगर नाही. तो पठाराचा कापला गेलेला काठ आहे. म्हणून तर गडावर उभे राहिले की समोरच्या डोंगराचे आडवे पट्टे आपल्या पायाखालच्या पट्ट्यांशी जुळतात. घट्ट कातळाचे कडे झाले, मऊ थरांच्या माच्या झाल्या, आणि मधला दगड पाण्याने नेला. दरवर्षी मिलिमीटरचा शंभरावा भाग जरी गेला, तरी 6.6 कोटी वर्षांत 660 मीटर जातात. दरी कोसळताना कुणी पाहिली नाही याचे कारण ती कधी कोसळलीच नाही.

लोणारचे उदाहरण जरा वेगळ्या कारणासाठी सांगण्याजोगे आहे. 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने कातळात पडले. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगितले जाई आणि जुन्या पुस्तकांत, माहितीफलकांवर तेच छापलेले असते. आघाताच्या उष्णतेने वितळून झालेल्या काचेतला आर्गॉन मोजल्यावर 2011 च्या सुमारास उत्तर आले 5.7 लाख वर्षे. एका फटक्यात दहापट म्हातारे झाले. जुने मोजमाप करणारे आळशी नव्हते, पण त्यांचे घड्याळ खारट पाणी आणि झीज यांनी बिघडणारे होते. वयाचा आकडा सांगणाऱ्याला तो कोणत्या घड्याळावरून घेतला हेही विचारावे, एवढे शहाणपण लोणारने शिकवले.

आता कोयनेखालच्या त्या रिकाम्या रेघेकडे परत जाऊ. तिथे जी पाने नाहीत ती सगळीच कायमची गेली का? त्यातली काही शिल्लक आहेत, पण वेगळ्या जिल्ह्यात. लाव्हाचे पांघरूण पूर्वेला विदर्भात विरळ होत संपते आणि खालचा इतिहास उघडा पडतो.

चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई इथे चुनखडीचा एक गुळगुळीत पृष्ठभाग आहे, त्यावर एकाच दिशेने ओढलेले ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी 1875 साली त्यांची नोंद केली. हे ओरखडे बर्फाचे आहेत. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी सरकत्या हिमनदीने आपल्या तळात अडकलेले धोंडे या चुनखडीवरून फरफटत नेले. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात हिमनदी! पण तेव्हा हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना चिकटलेला होता. त्या जोडखंडाला जगभर गोंडवन म्हणतात, आणि ते नाव गोंडांच्या मुलखावरून आले आहे. भूशास्त्रज्ञांनी ते आधी मध्य भारतातल्या खडकांना दिले, मग ऑस्ट्रियाचे एडुआर्ड सूस यांनी अख्ख्या खंडाला.

बर्फ वितळल्यावर तिथे दलदलीची जंगले वाढली. ती गाडली जाऊन वर्धा खोऱ्याचा कोळसा झाला. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी इथल्या खाणींतून निघतो तो हाच, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. सिरोंचाजवळ वडधमला दगड झालेल्या झाडांचे ओंडके पडले आहेत. त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, आजच्या तेलंगणाच्या बाजूला, बारापासॉरसची हाडे सापडली. त्याच्या पूर्ण शास्त्रीय नावात टागोर आहेत, कारण ही हाडे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास उकरली गेली. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. डायनोसॉर म्हणजे सगळे एकाच काळातले, ही समजूत इथे मोडते. बारापासॉरस सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यापासून सह्याद्रीचा लाव्हा जितका दूर आहे, त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर आपण त्या लाव्हापासून आहोत.

आणि वरोऱ्याजवळचे पिसदुरा. इथे शेताच्या मातीत डायनोसॉरची हाडे मिळतात, तशीच त्यांची दगड झालेली विष्ठाही. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वनस्पतीच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, प्रत्येक कुळाचा त्यांचा आकार ठरलेला असतो. पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे कण निघाले. 2005 साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा खळबळ उडाली, कारण गवत डायनोसॉरांनंतर पसरले असे पुस्तकांत होते, आणि चित्रकार डायनोसॉरांच्या पायाखाली गवत काढणे ही चूक मानत. पुढच्या अभ्यासात त्या गवतांत भाताच्या कुळाचे पूर्वजही निघाले. लाव्हाखाली गाडल्या गेलेल्या जगात चंद्रपूरकडे भाताचे नातलग उगवत होते आणि डायनोसॉर ते चरत होते, हे आपल्याला शेणातून कळले.

अशी तालुक्यातालुक्यातली पाने जुळवून पृथ्वीचा इतिहास लिहिला गेला आहे. कोणत्याही एका जागी तो सलग नाही. गोव्याच्या लोहखनिजात अडीचशे कोटी वर्षांमागच्या समुद्रांची नोंद आहे, पण त्यानंतरची बरीचशी पाने तिथे कोरी आहेत. पृथ्वीवर घडलेला सर्वांत जुना मोजलेला कण ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा आहे, 440 कोटी वर्षांचा झिरकॉन. तो ज्या खडकात जन्मला तो खडक मात्र उरलेला नाही.

या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण कोणते, यावर नुकतीच मतदान घेण्याची पाळी आली. वर्धा खोऱ्यातला कोळसा साठायला लाखो वर्षे लागली, जाळायला दीड-दोन शतके पुरी पडत आहेत. हवेतला कार्बन, अणुस्फोटांतले प्लुटोनियम, प्लास्टिक यांचे ठसे गाळात कायमचे राहणार, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून मानवयुग नावाचे नवे पर्व मोजावे असा प्रस्ताव आला. कॅनडातल्या क्रॉफर्ड तलावाच्या तळाचा गाळ नमुना म्हणून निवडलाही गेला. आपल्या गाडीच्या मापात हे पर्व सात सेंटीमीटरचे. मार्च 2024 मध्ये संबंधित समितीने 12 विरुद्ध 4 मतांनी प्रस्ताव फेटाळला. माणसाने पृथ्वीवर केलेल्या परिणामाबद्दल फारसे दुमत नव्हते. आक्षेप होता तो एवढ्या लांब ग्रंथात इतक्या घाईने नवे प्रकरण उघडण्याला, आणि माणसाचा हात विसाव्या शतकाच्या कितीतरी आधीपासून चालू असताना सुरुवात तिथून धरण्याला.

त्यामुळे अधिकृत कालपत्रकाप्रमाणे आपण सध्या होलोसीन पर्वाच्या मेघालयन काळात राहतो. तो 4,200 वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि त्याची सुरुवात ठरवली आहे मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या एका खांबावरून.